लिस्बन ते माद्रिद: जाताना 2 तास 20 मिनिटं आणि येताना फक्त 20 मिनिटं?

प्रश्न (सांगलीचे काका)
मुलगी माद्रिदला असते. आम्ही दोघं आधी लिस्बन पाहून मग तिच्याकडे जाणार, आणि परतीचं मोठं विमान पुन्हा लिस्बनहूनच आहे. तिकिटावर जाताना लिस्बन 10:00, माद्रिद 12:20. येताना माद्रिद 10:00, लिस्बन 10:20. एजंट म्हणतो बरोबर आहे. मी 34 वर्षं गणित शिकवलं, मला हे पटेना. अंतर नक्की किती? हिच्या गुडघ्यांना त्रास आहे, रेल्वेने जाणं सोयीचं पडेल का?

उत्तर (लिस्बनमध्ये राहणारी)
काका, तिकीट बरोबर आहे. स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे असतं. जाताना 2:20 मधून तास वजा करा, येताना 0:20 मध्ये मिळवा. दोन्हीकडे 1 तास 20 मिनिटंच येतात. उन्हाळी वेळ दोन्ही देशांत एकाच दिवशी बदलते, त्यामुळे हा फरक बाराही महिने राहतो. खरं तर माद्रिदसुद्धा ग्रिनिचच्या पश्चिमेलाच आहे, पण स्पेनने 1940 मध्ये घड्याळ पुढे केलं ते तसंच राहिलं.

हवाई अंतर 500 किलोमीटरच्या आसपास. प्रत्यक्ष हवेत तासाभराहून कमीच. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि उतरल्यावर गेटपर्यंत पोचण्यात जातो.

एक कळकळीने सांगते. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. आई आली होती तेव्हा माद्रिदहून परतताना माझा फोन बंद पडला होता आणि तिच्या घड्याळात लिस्बनचीच वेळ होती. आम्ही निवांत कॉफी घेत बसलो आणि विमान गेलं. आईचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. काकूंचं घड्याळ माद्रिदला उतरल्या उतरल्या पुढे करा.

आणि व्हीलचेअर आत्ताच नोंदवून ठेवा. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रो थेट जाते. माद्रिदचा बाराहास मात्र अवाढव्य, तिथे फार चालावं लागतं. दोन्ही देश शेंगेनमध्ये (आपसांत सीमेवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत म्हणून मध्ये इमिग्रेशनची रांग नसते, तरी पासपोर्ट हाताशी हवाच.

उत्तर (रेल्वेवेडा, पुणे)
मी रेल्वेचा माणूस, तरी या मार्गावर विमानच सांगेन. दोन राजधान्यांमध्ये आज थेट गाडी नाही. रात्रीची लुसितानिया मार्च 2020 मध्ये थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. आता सीमेजवळच्या बादाहोसमार्गे गाड्या बदलत जावं लागतं, अख्खा दिवस मोडतो. काकूंना जिने आणि फलाट झेपणार नाहीत. रस्त्याने सव्वासहाशे किलोमीटर, मोटारीने सहा तास तरी धरा.

वाईट याचं वाटतं की तिथला जुना रूळमार्ग आपल्यासारखाच ब्रॉडगेज आहे: त्यांचा 1668 मिलिमीटर, आपला 1676. त्यावरून एकदा जायची माझी फार इच्छा होती.

सांगलीचे काका
उलगडा झाला, दोघांचे आभार. तासाचा हिशोब कागदावर मांडून हिला दाखवला. व्हीलचेअरसाठी एजंटला आत्ताच फोन केला. मुलगी म्हणते माद्रिदजवळच्या तोलेदो शहरात नेते, तिथे जी ताहो नदी दिसेल तीच पुढे लिस्बनला समुद्राला मिळते. म्हणजे लिस्बनला आधी नदीचं मुख बघायचं, मग वरचा प्रवाह. हिला नद्या फार आवडतात, कृष्णाकाठची आहे.

लिस्बनमध्ये राहणारी
इथे तिला तेजू म्हणतात, काका. संध्याकाळी काकूंना प्रासा दु कोमेर्सियू या नदीलगतच्या चौकात घेऊन जा. विमानतळावरून मेट्रोच्या रेड लाइनने साव सेबाश्तियाव, तिथे ब्लू लाइन धरून तेरैरू दु पासू स्टेशन.