टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को: जाताना सव्वानऊ तास, येताना सव्वाअकरा. हे कसं?

खिडकीवाला:
जानेवारीत टोकियोच्या नरिता विमानतळाहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचंय. हवाई अंतर ८,२२६ किमी निघालं. ताशी ९०० ने भागलं तर नऊ तासांच्या किंचित वर. पण तिकिटावर जाताना ९.१५ तास, येताना ११.१५! त्यात संध्याकाळी पाचला निघून त्याच तारखेला सकाळी सव्वानऊला पोचणार. नकाशात रस्ताही वर अलास्काकडे वाकलेला. पृथ्वी फिरते म्हणून का हा सगळा घोळ?

उडाणटप्पू:
तसं असतं तर विमान वर नुसतं तरंगत ठेवलं असतं, शहर आपोआप खाली आलं असतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते हो. वारा बघा.

जुना डिस्पॅचर:
उड्डाणांचे आराखडे करण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून जरा लांबड लावतो.

भागाकार बरोबर आहे, पण ९०० हा विमानाचा हवेतला वेग. ती हवाच पळत असेल तर? उत्तर पॅसिफिकवर दहा-बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीम हा जोरदार वाऱ्याचा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. हिवाळ्यात जपानवर तो ताशी ३०० किमीच्या पुढेही जातो. (जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशींनी फुगे सोडून हे वारे १९२० च्या दशकातच मोजले होते. अहवाल मात्र एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेत लिहिला, मग वाचणार कोण!) वाटभर सरासरी १०० चा वारा धरा. जाताना १,००० च्या वेगाने सव्वाआठ तास, येताना ८०० ने सव्वादहा. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, म्हणून विमान जमिनीवर गेट ते धावपट्टी चालवण्याचा आणि चढ-उताराचा तासभर मिळवा. जुळलं?

गंमत अशी की वाऱ्याची फिट्टंफाट होत नाही. जाताना तो ५५ मिनिटं देतो, येताना ६९ घेतो. उलट्या वाऱ्यात जास्त वेळ काढावा लागतो ना!

रस्ता वाकडा नाही, नकाशा सपाट आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो ४८ अंश उत्तरेपर्यंत चढेल. अक्षांशाला धरून गेलात तर चारशेच्या वर किमी जास्त पडतील. प्रत्यक्षात वाटही वारा बघून रोज नव्याने आखतात. जाताना जेट स्ट्रीमच्या पाठीवर, येताना त्याला चुकवून.

खिडकीवाला:
आत्ता डोक्यात शिरलं. आणि तारखेचं?

जुना डिस्पॅचर:
हिवाळ्यात टोकियो १७ तास पुढे. तुमचे संध्याकाळचे पाच म्हणजे तिथे त्याच तारखेची मध्यरात्र, त्यात सव्वानऊ तास मिळवा. येताना उलटं, सकाळी अकराला निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला उतराल. जातानाचं हॉटेल निघायच्या तारखेचंच घ्या. मी पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवसाचं घेतलं होतं. इतरांची वेळापत्रकं जुळवणारा मी, दिवसभर लॉबीत बॅगेवर डोकं टेकून बसलो होतो.