कुटुंब हललं, की कौंटीची हद्द?

वर प्रश्न आलाय की 1850च्या अमेरिकी जनगणनेत कुटुंब एका कौंटीत (राज्याचा जिल्ह्यासारखा भाग) आणि 1860ला शेजारच्या कौंटीत दिसतं, तर ते हललं का? तसं लगेच धरू नका. त्या काळात मोठ्या कौंट्यांचे तुकडे पडत होते, हद्दच सरकली असेल. आधी दुसऱ्या कौंटीच्या स्थापनेचं साल पाहा. त्यापूर्वीची खरेदीखतं, मृत्युपत्रं, लग्नाच्या नोंदी सहसा मूळ कौंटीच्या कोर्टहाऊसमध्येच (कौंटीचं न्यायालय, जिथे या नोंदी ठेवतात) राहतात.

खतांच्या दोन सूची असतात, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही चाळा. वारसांनी वडिलांची जमीन मिळून विकली असेल तर एकाच खतात सगळी भावंडं, जावयांसकट, सापडू शकतात. मात्र सूचीत बऱ्याचदा पहिल्याच वारसाचं नाव आणि पुढे 'व इतर' एवढंच असतं, आणि ते नाव जावयाचंही असू शकतं, म्हणून जावयांची आडनावंही शोधा. मला मृत्युपत्रापेक्षा हे खत भरवशाचं वाटतं (आधीच वाटा दिलेली मुलं मृत्युपत्रातून कधीकधी गळतात).

जनगणनेत प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं 1880पासून नोंदलंय. त्याआधी घरात दिसणारी सगळी मुलं त्याच जोडप्याची असतील असं नाही. पुतणे, सावत्र मुलंही असतात. 1890च्या जनगणनेची यादी 1921च्या आगीनंतर जवळपास उरलीच नाही, तिथे कराच्या नोंदी बघाव्या लागतात.