साँडर्स कुरव: हिवाळी थव्यातून ओळखायचा कसा?

चिखलवाट
हाँगकाँगच्या माय पो दलदलीतले जानेवारीतले फोटो चाळतोय. थवा काळ्या डोक्याच्या कुरवांचा, पण त्यातले दोन-तीन लहान वाटतात. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं आणि कानापाशी काळा ठिपका. चोच काळी दिसली की साँडर्स धरायचा का?

ओहोटी
नुसत्या रंगावर जाऊ नका. उजेड पक्ष्याच्या पाठीमागून असेल तर काळ्या डोक्याच्याची लाल चोचही काळीच दिसते. ठेवण बघा: साँडर्सची चोच आखूड नि जाड, काळ्या डोक्याच्याची लांब नि बारीक. बसलेल्या प्रौढ साँडर्सच्या मिटलेल्या पंखटोकांवर पांढऱ्या ठिपक्यांची ठळक रांग असते. उडताना पंखाखालचा काळा भाग लहान, तर दुसऱ्याचा बराच पसरलेला. लांबी साधारण 29-33 सेंमी विरुद्ध 37-43, पण हा फरक दोघे शेजारी असतील तरच कामाचा.

सुरयप्रेमी
लांबून असेल तर वागणूक बघा. चिखल उघडा पडला की साँडर्स सुरयासारखा (टर्नसारखा), मान खाली घालून संथ उडत राहतो. खेकडा किंवा निवटी (चिखलातला मासा) दिसली की टपकन उतरून उचलतो. पाण्यावर तरंगत बसलेला क्वचितच दिसेल. म्हणून मोजणी ओहोटीत करा. भरतीला चिखल बुडतो आणि आकडा हमखास कमी भरतो.

चिखलवाट
माय पो तर 1995 पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. मग हा अजून नामशेष होण्याचा धोका असलेल्यांच्या ‘असुरक्षित’ यादीत का?

खारजमीन
कारण वीण तिथे होतच नाही. ती पीत समुद्राकाठी होते: ल्याओनिंगमधलं पांचिन, पीत नदीचं मुख, च्यांगसूतलं यानचंग, शिवाय दक्षिण कोरियातलं इंचॉन. घरटं जमिनीवर, विरळ स्वेडात (खाऱ्या जमिनीतली वनस्पती, आपल्या मोरसाचीच जात). ‘विरळ’ हे महत्त्वाचं. बांध घातला की खारं पाणी आत येत नाही, जमिनीतला खार उतरतो, बोरू (उंच, दाट गवत) माजतो आणि पक्षी जागा सोडतात. समुद्राच्या बाजूने बाहेरून आणलेलं स्पार्टिना गवत चिखल गिळतं. बरं, बांधाची दारं उघडून मोकाट पाणी सोडावं तर घरटी बुडतात. पाण्याची पातळी विणीआधी, एप्रिलच्या सुरुवातीलाच, ठरवायची आणि अंडी असेपर्यंत तिला हात लावायचा नाही. चीनने 2018 मध्ये किनाऱ्यावर भराव घालण्यावर कडक निर्बंध आणले, 2019 मध्ये यानचंगचा किनारा जागतिक वारसा झाला. पण जुन्या बांधाआड वाढलेला बोरू कागदाने थोडाच हटतो!

ओहोटी
@चिखलवाट, पंख वर उचललेला एखादा फोटो असेल तर न कापता टाका. पंखाची खालची बाजू दिसली की निकाल लागेल.