छातीत दुखतंय: जवळचं नर्सिंग होम की थेट कॅथलॅब?

घोडबंदरकर:
सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका काकांनी लिहिलं, "छातीत दुखलं तर गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये वेळ घालवू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हा सल्ला घातक वाटतो. आमच्या ठाण्यात संध्याकाळी कासारवडवलीहून निघालेली गाडी माजिवड्याला कधी पोचेल, हे कोणी छातीठोकपणे सांगावं? रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. तो जिथे सगळ्यात आधी निघेल, तिथेच जावं. ट्रॅफिकमध्ये हृदयाची लय बिघडून नाडी थांबली, तर रिक्षात शॉक देणार कोण?

वाशी सेक्टर १७:
साफ असहमत. सासऱ्यांना आम्ही असंच जवळ नेलं. ईसीजी लगेच निघाला, पण तो वाचणारं कोणी नव्हतं. मोबाइलवर फोटो काढून फिजिशियनना पाठवला, ते दुसरीकडे ओपीडीत. तोवर "गॅस असेल" म्हणून अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन. मग अचानक "पेशंट हलवा". अ‍ॅम्ब्युलन्स शोधा, पुढच्या ठिकाणी नवा केसपेपर, पुन्हा ईसीजी, डिपॉझिट. दारात आल्यापासून 90 मिनिटांत अँजिओप्लास्टी (हृदयाची बंद नळी फुग्याने उघडणं) व्हावी म्हणतात. आमचा तो वेळ पहिल्याच दारात संपला. दुखतंय तेव्हा कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, असलेलंच दार धरा.

कॅज्युअल्टीवाली:
ठाण्यात कॅज्युअल्टीत काम करते. घोडबंदरकर, "जवळचं" एवढ्यावर भागत नाही. ईसीजीत पूर्ण ब्लॉकेजचा अ‍ॅटॅक दिसला, तर हिशेब सोपा आहे: 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तिकडे पाठवायचं. नसेल, तर काही अडचण नसल्यास गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अर्ध्या तासात द्यायचं आणि मग हलवायचं. असं इंजेक्शन, म्हणजे टेनेक्टेप्लेस, ठेवत नाहीत आणि रात्री ईसीजी वाचायला कोणी नाही, अशी जागा घराशेजारी असून उपयोग काय?

आणखी एक, हे मनापासून सांगते. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून पेशंटला घरी नेऊ नका. हृदयाला इजा झाली की रक्तात दिसणारं ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, ईसीजीही परत काढावा लागतो. मधुमेही लोकांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही. घाम, धाप, जबडा दुखणं, मळमळ, बस्स. अशी बाई "जरा दमलेय" म्हणत बाकावर बसून राहते आणि तिच्याआधी हात कापलेला मुलगा आत जातो, म्हणून नातेवाईक आमच्यावर ओरडतात. ओरडायचंच तर "हिचा ईसीजी काढा" म्हणून ओरडा.

नौपाड्याचा निनाद:
घरात सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, ठेवतो आम्ही. जिभेखाली ठेवली की निघायला वेळ मिळतो. हे कोणी का सांगत नाही?

कॅज्युअल्टीवाली:
कारण ही गोळी बीपी पाडते, आणि त्यातून होणारा घोटाळा मी पाहते. हृदयाच्या खालच्या भागाचा अ‍ॅटॅक, त्यात उजवा कप्पाही सापडलेला, आणि घरच्यांनी लागोपाठ गोळ्या दिलेल्या: माणूस राखेसारखा पडलेला, अंग गार, वरचं बीपी ऐंशीच्या खाली. ज्याला त्याच्या डॉक्टरने लिहून दिली आहे, त्याने सांगितल्याप्रमाणे बसून घ्यावी. शेजाऱ्याची नाही. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतलं असेल तर त्यानंतर चोवीस तास अजिबात नाही. अ‍ॅस्पिरिन 300 मिलिग्रॅम चावून घेणं बहुतेकांना फायद्याचं, पण अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव असेल तर नको. वेदना फाडल्यासारखी पाठीत जात असेल तर महाधमनी फाटलेली असू शकते, तेव्हा आम्हाला विचारल्याशिवाय देऊ नका.

घोडबंदरकर:
ताई, इंजेक्शनचा मुद्दा पटला. पण वाशीकर, तुमचा सल्ला तुमच्या पाम बीच रोडवर चालेल, आमच्या गायमुखजवळच्या ट्रॅफिकमध्ये नाही. तिथे दुखणाऱ्याला कॅथलॅबच्या नादात गाडीत ठेवणं मला अजूनही मान्य नाही. त्यापेक्षा 108 लावा. 2014 पासून ही सेवा राज्यात आहे, गाडीत डॉक्टर असतो.

वाशी सेक्टर १७:
108 यायला जो वेळ लागेल तोही याच हिशेबात धरा. मी माझ्या मतावर ठाम.

घोडबंदरकर:
ठीक. रविवारी आमच्या पट्ट्यातल्या हॉस्पिटलांना फोन करून दोनच प्रश्न विचारतो: कॅथलॅब चोवीस तास चालते का, आणि टेनेक्टेप्लेस आहे का. उत्तरं सोसायटीच्या फळ्यावर लावतो.

कॅज्युअल्टीवाली:
रविवारी दुपारी नको, रात्री दोनला विचारा. कॅथलॅबची टीम घरून यायला किती वेळ लागतो, तेही विचारा.