बहिणीचा पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, स्कॉलरशिपचा नेमका कुठला फॉर्म भरू?

बार्शीचा_गडी
नमस्कार मंडळी. बहिणीचा कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राऊंडला पुण्यात कॉम्प्युटरला नंबर लागला, ओबीसीतून. कॉलेज प्रायव्हेट आहे पण सीट कॅपचीच. घरात इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच, त्यामुळं आमच्यात कुणालाच यातलं काही कळत नाही. वडिलांचं टेलरिंगचं दुकान आणि दीड एकर कोरडवाहू, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला १ लाख १० हजाराचा निघालाय. कॉलेजच्या कागदावर ट्युशन फी ९४ हजार आणि डेव्हलपमेंट फी वेगळी १२ हजार लिहिलीय. काल नेट कॅफेवर गेलो तर तो म्हणला महाडीबीटी (राज्याचं स्कॉलरशिप पोर्टल) भर, एनएसपीवर (केंद्राच्या पोर्टलवर) प्रगती भर, केंद्राची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप पण भर, तिन्ही टाकून ठेव एक तरी लागंल, प्रत्येकी दीडशे रुपये. खरंच तिन्ही भरायचे का? मुलींना फी माफ झाली असं पेपरला वाचलं होतं ते यातच येतं का वेगळा फॉर्म असतो? आणि राहण्याखाण्याचं काही मिळतं का बघा, कारण फीपेक्षा तेच जड जाणार आहे.

फायनल_इयरची_ताई
अभिनंदन बहिणीचं! आधी फी माफीचं सांगते. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) आणि ईडब्ल्यूएस मुलींना ट्युशन फी आणि परीक्षा फी आधी ५० टक्के मिळायची ती १०० टक्के केली, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, प्रवेश कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही आणि खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. वेगळा फॉर्म वगैरे काही नसतो, महाडीबीटीवर ओबीसीची जी योजना आहे तीच भरायची. पण डेव्हलपमेंट फी यात येत नाही हे डोक्यात ठेवा, ते १२ हजार तुम्हालाच भरायचे आहेत. आमच्या वर्गात निम्म्या मुलींच्या घरी यावरूनच भांडणं झाली, "सगळं फुकट म्हणली होतीस ना" म्हणून.

कॉलेजवाले ॲडमिशनच्या वेळी पूर्ण ट्युशन फी मागतील. तिथं जीआरची प्रिंट काढून न्या आणि शांतपणे बोला, वाद घालू नका, त्याच खिडकीवर चार वर्षं जायचंय.

दाखला_दरवर्षी
तिन्ही भरायचा सल्ला चुकीचा आहे. प्रगती ही एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मुलींसाठीची स्कॉलरशिप, वर्षाला ५० हजार, पण ती घ्यायची तर दुसरी सरकारी स्कॉलरशिप घेता येत नाही. सेंट्रल सेक्टरचंही तसंच, ती पहिली तीन वर्षं वर्षाला १२ हजार देते आणि बारावीला बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. आता तुम्हीच हिशोब करा, ९४ हजार सोडून १२ हजारामागं कोण जाईल. शिवाय प्रगती मेरिटवर लागते, डिग्रीला देशभरात ५ हजार जागा, लागलीच तर लागली. फी माफी मात्र तुम्ही पात्र असाल तर मिळते.

सीओईपीच्या_गेटवर
वरच्यांशी थोडा असहमत. सरकारी कॉलेज असतं आणि फी कमी असती तर प्रगती कधीही भारी, कारण ते ५० हजार फी, पुस्तकं, लॅपटॉप कशालाही वापरता येतात. ह्या केसमध्ये मात्र महाडीबीटीच.

दाखला_दरवर्षी
मान्य. प्रश्न ह्या केसचा आहे म्हणून तसं लिहिलं.

फायनल_इयरची_ताई
राहण्याखाण्याचं राहिलंच. ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघा, सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे, तुमचं बसतंय. जिल्ह्याला जागा मोजक्याच असतात त्यामुळं जाहिरात कधी येते यावर डोळा ठेवा. इतर मागास बहुजन कल्याणच्या सहायक संचालकांच्या ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर कुणी नीट सांगत नाही. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचं कुणी सांगितलं तर ती ओबीसीसाठी नाही, त्यात वेळ घालवू नका.

दोन_वर्षांनी_सापडले
बाकी सगळ्यांनी योजना सांगितल्या, मी माझं येडेपण सांगतो. माझा फॉर्म कॉलेजातून पुढं गेला, वरून मंजूर झाला, पोर्टलवर पैसे गेल्याचं दाखवतंय आणि खात्यात दमडी नाही. बँकेत चार चकरा मारल्या, पासबुक छापून छापून बँकवाले वैतागले. शेवटी एका सीनियरनं आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस (आधारला कुठलं खातं जोडलंय ते) बघायला लावलं तर तिथं भलत्याच बँकेचं नाव! दोन वर्षांपूर्वी चौकात छत्री लावून एक पोरगा सिम विकत होता, त्यानं सिम देताना दोनदा अंगठा घेतला होता, दुसऱ्या अंगठ्यावर पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं. पैसे तिकडं जाऊन पडलेले. फॉर्ममध्ये खातं नंबर कुठलाही टाका, डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच जातात. तेव्हा भावा फॉर्म भरायच्या आधी हे बघ, नंतर नाही.

आणि अजून एक, सबमिट केलं म्हणजे झालं असं समजू नको. प्रिंट काढून कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात द्यायची, तिथला क्लार्क त्याच्या लॉगिनमधून पुढं पाठवतो तेव्हा अर्ज हलतो. सेंड बॅक आला तर खाली रिमार्क असतो तो वाचायचा, माझा एकदा फक्त दाखला धूसर होता म्हणून परत आला होता आणि मला ते दीड महिन्यानं कळलं. कागदाची फाइल २५६ केबीच्या आत लागते म्हणून कॅफेवाले इतकी दाबतात की बारकोडखालचा नंबर वाचता येत नाही. समोर बसून झूम करून बघ.

दाखला_दरवर्षी
नॉन क्रिमीलेयरची तारीख पण बघा, ३१ मार्चला संपतं ते. माझ्या भावाचं जुनं अपलोड झालं होतं.

बार्शीचा_गडी
सगळ्यांचे लय आभार. दोन_वर्षांनी भाऊ, तुमचं वाचून लगेच बहिणीचं सीडिंग बघितलं. आधी ओटीपीच येईना, आधारला वडिलांचा जुना नंबर, ते सिम आईच्या बटणाच्या फोनमध्ये सापडलं. स्टेटस उघडलं तर पाचवीला शाळेनं काढून दिलेलं गावच्या बँकेतलं खातं निघालं, अल्पवयीनचं, ज्याचं पासबुक कुठं आहे हे घरात कुणालाच आठवंना. सोमवारी तिला घेऊन जातो, केवायसी करून तेच चालू होतंय का बघतो नाहीतर नवीन उघडून आधार जोडतो. प्रगती आणि सेंट्रल सेक्टर कॅन्सल, फक्त महाडीबीटी. नॉन क्रिमीलेयर बघितलं, ते चालतंय. डेव्हलपमेंटचे १२ हजार मामा देतो म्हणलाय.

ताई, आधार योजनेला पुण्याच्या ऑफिसात जायचं का सोलापूरच्या?

फायनल_इयरची_ताई
कॉलेज ज्या जिल्ह्यात तिथलं, म्हणजे पुणे. जाताना रूमचा भाडेकरार बनवून घ्या, मालक नाही म्हणाला तरी मागे लागा. माझं तिथंच अडलं होतं.