मदत हवी आहे: तिसरीतला मुलगा, वजाबाकी आणि जोडाक्षरं अडतायत. घरी नेमकं काय करून घ्यावं? (सातारा)

यवतेश्वर_घाट

मंडळी, नमस्कार. मुलगा तिसरीत आहे, जिल्हा परिषदेची मराठी शाळा. शाळेच्या ग्रुपवर डिसेंबर-जानेवारीची सूचना आली आहे: ३ जानेवारीला बालिका दिन आणि मुलांची भाषणं, मग केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा, संक्रांतीनंतर स्नेहसंमेलन, २६ जानेवारीला कवायत. शेवटच्या ओळीत ‘पालकांनी घरी अभ्यास घ्यावा’. कोणता घ्यावा, किती घ्यावा, त्याबद्दल एक अक्षर नाही.

पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकात दोन शेरे आहेत. ‘वाचताना अडखळतो, जोडाक्षरे चुकतात’ आणि ‘हातच्याच्या वजाबाकीचा सराव आवश्यक’. आम्ही दोघंही संध्याकाळी सातच्या आत घरी नसतो. सासूबाई घरी असतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण तोंडी हिशेब एकदम पक्का. सरावाची दोन जाडजूड पुस्तकं आणून ठेवली आहेत, ती तशीच पडून आहेत.

रोज किती वेळ बसवावं? वजाबाकी आणि जोडाक्षरं कुठून सुरू करावीत? आणि भाषण कोणी लिहायचं? शिकवणी लावा हा सल्ला कृपया नको.

चिंचोका

ताई, सरावाची पुस्तकं सध्या कपाटात राहू द्या. आधी तो कुठे चुकतो ते बघायला हवं, त्याला दोन संध्याकाळी पुरतात.

पहिल्या दिवशी वजाबाकी घेऊच नका. दहा आकडे सांगा आणि अंकांत लिहायला लावा: एकोणतीस, सत्तेचाळीस, एकोणसाठ, त्रेसष्ट, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, एकोणऐंशी, त्र्याऐंशी, शहाऐंशी, नव्याण्णव. मध्ये दुरुस्त करू नका, चेहऱ्यावरही काही दाखवू नका.

चुका दोन जातीच्या निघतील. एक, अंकांची अदलाबदल: त्रेसष्टचे ३६, सत्तेचाळीसचे ७४. आपल्या भाषेत एकक आधी बोलतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. ‘सत्ते’ ऐकू आलं की पोराचा हात ७ लिहून मोकळा होतो. यावर उपाय म्हणजे शब्द पूर्ण होईपर्यंत पेन्सिल टेकवायची नाही, आणि शब्दाचं शेपूट ऐकायचं. -सष्ट आलं की ६, -हत्तर आलं की ७, -ऐंशीला ८, -ण्णवला ९. वहीत दोन चौकटी आखून द्या. शेपटाचा अंक आधी डावीकडे, मग डोक्याचा उजवीकडे.

दुसरी जात ‘एकोण’ची. एकोणसाठचे ६१ किंवा ६९ लिहितात, कारण ‘एक’ आणि ‘साठ’ तेवढं ऐकू येतं. काहींना तो ‘एकूण’ वाटतो. एकोण म्हणजे एक उणा, साठाला एक कमी, हे एकदा माळेवर किंवा पट्टीवर दाखवा. असे आकडे आठच आहेत, १९ पासून ८९ पर्यंत. ९९ त्यात बसत नाही, त्याला नव्याण्णव म्हणतात. मुलं तिथे ‘एकोणशंभर’ म्हणतात ते खरं तर बरोबर तर्क लावून म्हणतात. रागावू नका.

आकडा ऐकून नीट लिहिता येत नसेल तर वजाबाकीची चूक वजाबाकीची नसतेच.

पाटी_पुसणारा

चिंचोका यांच्याशी सहमत. जोडीला एक: २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पण अडखळणाऱ्या मुलासाठी ती पद्धत कुबडी म्हणून उत्तम चालते. ‘सत्तेचाळीस, म्हणजे चाळीस सात’ असं दोन्ही बोलायचं, आठ-दहा दिवस. मग दुसरं आपोआप गळतं.

हरिपूरची_हळद

नाही पटलं. बाजारात, एसटीत, घरात सगळीकडे सत्तेचाळीसच ऐकायचंय त्याला. दोन-दोन नावं देऊन गोंधळ कशाला? शेपूट ऐकण्याची सवय पुरेशी आहे.

वाचनाबद्दल लिहिते. आधी हे तपासा की तो वाचतो की पाठ म्हणतो. पुस्तकातला धडा वर्गात इतक्या वेळा झालेला असतो की मुलं पहिला शब्द बघून पुढची ओळ धडाधड म्हणतात. परिच्छेदाच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवा आणि उलट्या क्रमाने एकेक शब्द वाचायला लावा. कुठे अडतो ते लगेच कळेल. अडलेले शब्द एका कागदावर लिहून काढा. बहुतेक वेळा त्यातले निम्म्याहून जास्त ‘र’चे निघतात, कारण एकाच अक्षराची चार सोंगं.

तुमच्या साताऱ्याच्या पाट्यांवरच चारही सापडतात:

वर्ये: इथे र डोक्यावर बसलाय, रफार. चिन्ह ‘ये’वर दिसतं पण उच्चार ‘ये’च्या आधी. मुलं ‘वये’ वाचतात नाहीतर ‘वयेर’. वर्-ये असं तोडून, टाळी वाजवून म्हणायला लावा.
क्षेत्र माहुली: त्र, र खाली तिरका.
महाराष्ट्र: ष्ट्र, ट-ठ-ड-ढ खाली र आला की तो छपरासारखा दिसतो.
कऱ्हाड: ऱ्ह, चंद्रकोरीसारखा. (पाटीवर कराडही लिहिलेलं असतं. दोन्ही दाखवा, मजा येते.)

र आटोक्यात आला की बाकीची जोडाक्षरं: सज्जनगड, वेण्णा, म्हसवड, महाबळेश्वर, अजिंक्यतारा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एक शब्द, मोठ्या अक्षरात. दिवसाला पाचच कार्डं, त्यातली तीन जुनी आणि दोन नवी. जे कार्ड तीन दिवस सलग न अडता वाचलं ते बाजूला. वीस-वीस कार्डं एकदम काढून बसलात तर तो आकारावरून ओळखायला लागतो, अक्षरं बघतच नाही.

त्यानंतर न वाचलेला उतारा घ्या, साठ-सत्तर शब्दांचा. तोच उतारा सलग तीन दिवस. पहिल्या दिवशी अडेल, तिसऱ्या दिवशी चाल येते. मोबाईलवर एक मिनिट लावून किती शब्द झाले ते कोपऱ्यात लिहा. निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, अशी अपेक्षा आहे. अर्थासाठी एकच प्रश्न विचारा, पण उत्तर उताऱ्यातून उचलून देता येईल असा नको. ‘का’ने सुरू होणारा बरा. शब्द मोजण्याची शर्यत मात्र करू नका. शर्यत लावली की मुलं कठीण शब्द गिळून पुढे पळतात.

चिंचोका

आता वजाबाकी. आकडे लिहिण्यात अडचण नसेल तर दुसऱ्या संध्याकाळी हे घ्या.

‘हातचा’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. सासूबाईंना पुढे करा, त्या ‘सुट्टे’ म्हणतील आणि मुलाला तेच कळेल. सामान: कागदाच्या शंभराच्या दहा नोटा, दहाच्या वीस नोटा, आणि रुपयांच्या जागी वीस-पंचवीस चिंचोके. जमिनीवर खडूने तीन घरं आखा: शतक, दशक, एकक.

उदाहरण ४०३ − १६८. मुलाकडे चार शंभर, दशकाचं घर रिकामं, तीन चिंचोके. आजी म्हणणार, “मला एकशे अडुसष्ट दे.”

आठ चिंचोके हवेत, आहेत तीन. दशकात जावं तर तिथे काही नाही. इथे पाच-दहा सेकंद गप्प बसा, बहुतेक मुलांना स्वतःच सुचतं. शंभराच्या एका नोटेचे सुट्टे: दहाच्या दहा नोटा. आता शतकात ३, दशकात १०. त्यातल्या एका दहाचे सुट्टे: दहा चिंचोके. आता दशकात ९, एककात १३. मग द्यायला सुरुवात. १३ मधून ८ गेले, ५. ९ मधून ६ गेले, ३. ३ मधून १ गेला, २. उत्तर २३५.

प्रत्येक हालचालीनंतर वहीत वर बारीक अंक लिहायचा. नोट हलली की पेन्सिल हलली पाहिजे. सगळं खेळून झाल्यावर वहीत मांडलं तर दोन्हींचा सांधा जुळत नाही आणि नोटा हा वेगळाच खेळ राहतो.

चुकलेलं उत्तर पुसू नका, त्यातच सगळं दिसतं:

३६५ आलं तर प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलाय, वर-खाली न बघता. सुट्टे करणं समजलेलंच नाही. दोन अंकी आणि काड्यांच्या गठ्ठ्यांवर परत जा, ५२ − २७ सारखं. तिथे ३५ आलं तर खूण पक्की.
३३५ आलं तर शंभराचे सुट्टे केले पण शतकातली एक नोट कमी करायची राहिली.
२४५ आलं तर दशकातले १० तसेच ठेवले, ९ केले नाहीत.

ताळा बेरजेने: उत्तर आणि दिलेले मिळवले की मूळची रक्कम यायला हवी. हा आजीने तोंडी घ्यावा.

पाटी_पुसणारा

वेळेबद्दल कुणी बोललं नाही. तिसरीच्या मुलाला वीस मिनिटं, फार तर पंचवीस. दहा वाचन, दहा गणित. आठवड्यात पाच दिवस. साडेसातला जेवण आणि लगेच अभ्यास असं केलंत तर पेंगतो, जेवणाआधी घ्या. पहाटे उठवण्याच्या भानगडीत पडू नका. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पोर गोधडीत गुरफटून बसतं आणि त्याचं लक्ष गोधडीतच राहतं. रविवारी सकाळी उन्हात बसवा, अर्धा तास सहज जातो. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की वर्गातला वेळ कमी होतो, तेव्हा घरचं वाढवण्यापेक्षा आहे तेवढं चुकवू नका.

भाषण त्यालाच लिहू द्या. सहा वाक्यं पुरे. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव, तालुका खंडाळा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं गाव. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा. एवढ्या माहितीवर तिसरीचा मुलगा स्वतःच्या शब्दांत बोलू शकतो. तुम्ही ‘वंदनीय व्यासपीठ आणि माझ्या ज्ञानपिपासू मित्रांनो’ लिहून दिलंत तर तो ‘ज्ञानपिपासू’वर अडकून रडकुंडीला येणार. वाक्यं त्याची, शुद्धलेखन तुमचं, आणि तोच कागद तीन दिवस वाचनाचा उतारा म्हणून वापरा.

सावली_मोजा

गणितातल्या मापनासाठी थंडीचा एक फायदा. अंगणात ३० सेंटिमीटरची काठी सरळ रोवा. जमिनीच्या वरची लांबी ३० भरली पाहिजे, ही चूक फार होते. आधी रोवा, मग मोजून कापा. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारची सावली वर्षातली सर्वात लांब असते. साताऱ्यात दुपारी बाराला नाही, साधारण साडेबाराला ती त्या दिवसातली सर्वात आखूड होते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. त्या वेळी ती सुमारे २६ सेंटिमीटर भरेल. २६ जानेवारीला पाऊण वाजता मोजा, २२ सेंटिमीटरच्या आसपास येईल. दर रविवारी एक नोंद. फरक काढायला वजाबाकीच लागते, आणि सरावाच्या पुस्तकाची आठवणही होत नाही.

हरिपूरची_हळद

अवांतर: संक्रांतीला लाडू करताना पाव किलो तीळ आणि पाव किलो चिकीचा गूळ त्यालाच तोलू द्या. २५० ग्रॅम आणि पाव किलो एकच, हे वहीत चार वेळा लिहूनही राहत नाही, तागडीत एकदा राहतं. पाक मात्र मोठ्यांनीच करायचा.

यवतेश्वर_घाट

सगळ्यांचे आभार. दहा आकडे घातले, नऊ बरोबर. त्रेसष्टचे ३६ लिहिले. वाचनात ‘र’ची कार्डं केली, रफार अडतोय, बाकी तीन येतात.

वजाबाकीत गंमत आहे. दोन अंकी चारही बरोबर (६२ − ३८ = २४ वगैरे). तीन अंकी तिन्ही चूक. ४०३ − १६८ = २४५, ५०० − २३६ = २७४, ३०६ − १२७ = १८९. आता परत काड्यांपासून सुरू करू का?

चिंचोका

नका करू. उत्तरं बघा: हवी होती २३५, २६४, १७९. तिन्ही बरोबर दहाने जास्त आहेत. त्याला सुट्टे करणं उत्तम येतं, शंभराची नोट कमी करायलाही तो विसरत नाही. मधल्या शून्यावर १० लिहितो आणि त्यातला एक दहा एककाला दिल्यावर तो १० खोडून ९ करायचा राहतो, एवढीच चूक आहे.

चार दिवस फक्त मध्ये शून्य असलेली उदाहरणं द्या, दिवसाला तीन. नोटा मांडून, आणि दहाची नोट उचलली की लगेच “आता किती उरल्या?” हा प्रश्न सासूबाईंनी विचारायचा. त्याने नऊ म्हटल्याशिवाय चिंचोके द्यायचे नाहीत. पाचव्या दिवशी नोटा काढून घ्या आणि ६०२ − ३४७ वहीत सोडवायला द्या. २५५ आलं तर झालं. २६५ आलं तर अजून दोन दिवस नोटा.