खुब्यात गोळा बसवताना चीर मागून की बाजूने?

नौपाडाकर
आई ७९ वर्षांची. फेब्रुवारीत मोरीत पाय घसरला, खुब्याची मान मोडून सरकली. बायपोलर गोळा बसवला (म्हणजे अर्धा सांधा: गोळा नवा, खोबण तिचीच), चीर मागून. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभीही राहिली. तेविसाव्या दिवशी देवापुढच्या बुटक्या चौरंगावर बसून समईची वात सारायला वाकली आणि खट्! गोळा खोबणीबाहेर. पुन्हा भूल, पुन्हा जागेवर. डिस्चार्जच्या कागदावर 'खाली बसू नये' एवढंच होतं. चौरंग म्हणजे खाली की वर, हे कोणी सांगायचं?
माझं मत ठाम आहे. पाट, चौरंग आणि उकिडवं बसायचा संडास असलेल्या घरातल्या माणसाला मागची चीर नकोच. उपचारांबाबत शिफारशी देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही २०११ मध्ये अशा अर्ध्या सांध्यासाठी बाजूच्या चिरेकडेच कल दिला होता.

ऐरोलीची फिजिओ
दादा, बाजूच्या चिरेचीही किंमत असते. एका पायावर तोल सांभाळणारा कुल्ह्याचा स्नायू पुढून सोडवतात, मग परत शिवतात. तो नीट धरला नाही की माणूस लचकत चालतो. गोळा जागच्या जागी, पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत दोन मजले उतरवत नाहीत म्हणून खिडकीत बसून असलेल्या आज्या मी पाहते.

कळव्याचा काका
अर्धवट कामं करताच कशाला? वाटीसकट पूर्ण सांधा बदला. माझ्या मेव्हण्याचा ६६ व्या वर्षी बदलला, येऊरला फिरायला जातो.

नेरुळ ऑर्थो
काका, ६६ चा धडधाकट माणूस असेल तर मीही तेच सुचवेन. पण निखळण्याचीच भीती असेल तर पूर्ण सांधा त्यावर उतारा नाही. मान मोडलेल्यांमध्ये पूर्ण आणि अर्धा सांधा ताडून पाहणाऱ्या 'हेल्थ' चाचणीत (२०१९, १४९५ रुग्ण) दोन वर्षांत अस्थिरता किंवा निखळणं पूर्ण सांध्यात ४.७ टक्के, अर्ध्यात २.४. पुन्हा शस्त्रक्रिया जवळपास सारखीच, ७.९ आणि ८.३ टक्के.
नौपाडाकर, गुडघा छातीकडे आणि पाय आत वळलेला, ही मागच्या चिरेची वैरीण स्थिती. आईंची नेमकी तीच झाली असणार. पण सांध्याची पिशवी आणि कापलेले छोटे स्नायू हाडाला परत शिवले तर हा धोका बराच उतरतो. 'चीर कुठून' यापेक्षा 'आत शिवणार ना?' हे विचारा. आणि सर्जनच्या हाताला जी वाट सवयीची, तीच घेऊ द्या. डावखुऱ्याला उजव्या हाताने पोळ्या लाटायला लावू नये.

कोपरखैरणे
बाबांना नुसता रॉड टाकला, गोळाबिळा काही नाही. निखळायची भानगडच नाही. आईंना रॉड का नाही टाकला?

नेरुळ ऑर्थो
बाबांचं मानेच्या खाली मोडलं असणार. तिथे रक्त भरपूर, हाड जुळतं. मान सरकली की वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो. ७९ व्या वर्षी तो स्क्रूने धरून ठेवला तरी आतून मरायची भीती, मग दुसरं ऑपरेशन.

नौपाडाकर
ऑपरेशनची नोंद मागवून वाचली. पिशवी शिवल्याचा उल्लेख नाही. शिवलीच नाही की लिहायचं राहिलं, कोण जाणे. सोमवारी विचारणार आहे. तरी बाजूच्या चिरेवरचं माझं मत फारसं हललेलं नाही. लचकत चालणं दिसतं तरी. निखळलेल्या रात्रीचं किंचाळणं तुम्ही ऐकलेलं नाही.
समई आता टेबलावर. चौरंग भावाकडे कोपरीला पाठवला, आई रोज त्याची चौकशी करते.